पट्ट्याविना रक्तदाब : हृदयध्वनींचा आधार

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. झोतभट्टी रात्रीपुरती विझवता येत नाही. म्हणून तेथील कामगाराची झोप पाळीप्रमाणे बदलते. अशा माणसाचा दवाखान्यात एकदा मोजलेला रक्तदाब अपुरा ठरतो. निरोगी व्यक्तीचा रक्तदाब झोपेत उतरतो. तो न उतरणे हे हृदयविकार व पक्षाघाताच्या वाढत्या धोक्याचे लक्षण मानले जाते. परंतु ते पाहण्यासाठी दंडावर वारंवार फुगणारा पट्टा झोपच मोडतो.

पट्टा प्रथम रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये इटलीत वापरला. पुढे १९०५ मध्ये रशियन शल्यविशारद कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखालील रोहिणीतील आवाज ऐकून दाब मोजण्याची रीत सांगितली. हे आवाज हृदयाचे नव्हेत, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

हृदयाचा पहिला ध्वनी त्याच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधील झडपा मिटताना, तर दुसरा महारोहिणी व फुप्फुस रोहिणी यांच्या झडपा मिटताना उमटतो. महारोहिणीतील दाब चढलेला असल्यास दुसरा ध्वनी अधिक ठसठशीत होतो. ही खूण डॉक्टरांना पूर्वापार ठाऊक आहे. संवेदक व संगणक तीच आता मोजू पाहतात. दुसरा मार्ग वेळेचा. दाब वाढला की रोहिणीची भिंत ताणून ताठ होते आणि नाडीची लहर वेगाने धावते. त्यामुळे छातीवरील ध्वनी व बोटाशी पोहोचणारी लहर यांतील अंतर घटते.

अडचण अशी की, रोहिणी वयानेही ताठ होते आणि ध्वनीची तीव्रता छातीच्या ठेवणीवर व संवेदकाच्या जागेवरही अवलंबून असते. म्हणून अशा उपकरणाला बहुधा आधी त्या व्यक्तीचा पट्ट्याने मोजलेला दाब सांगावा लागतो. त्यानंतर ते केवळ चढउतार अजमावते. काही महिन्यांनी वा औषध बदलल्यावर जुनाच आधार राहिला, तर ते दिलासा देणारा चुकीचा आकडा दाखवील आणि रुग्ण गोळ्या सोडून देईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील पंधरा वर्षांवरील २४ टक्के पुरुष व २१ टक्के स्त्रिया उच्च रक्तदाबाच्या वर्गात मोडत असल्याने ही चूक लहान नव्हे. युरोपीय उच्चरक्तदाब संघटनेने २०२३ मध्ये पट्टाविरहित उपकरणांवरून निदान वा उपचार ठरवू नयेत, असे सांगितले ते याचमुळे.

कारखान्याच्या गोंगाटात हृदयध्वनी टिपणे अवघडच. रात्रपाळी करून दिवसा झोपलेल्या कामगाराच्या शांत खोलीत मात्र ते साधण्याजोगे आहे.