विजेच्या वाटेवरचे राखणदार

आषाढातली रात्र आहे असं समजा. कडावच्या आसपास एखाद्या पाड्यावर ऐनाची फांदी वाऱ्याने मोडली आणि विजेच्या तारांवर आडवी पडली. फांदी पडली एका पाड्यावर, अंधार मात्र कडावच्या बाजारपेठेसकट सगळीकडे! मग ओट्यावर बसलेली मंडळी विचारतात, ''फांदी तिकडे पडली, आमची लाईट का गेली?'' प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर पुष्कळदा सबस्टेशनातल्या एका लहानशा यंत्राच्या निवडीत सापडतं. त्या यंत्राला रिले म्हणतात.

तसं पाहिलं तर या मुलखाला वीज नवी नाही. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ साली सुरू झालं आणि भिवपुरीचं १९२२ साली. ती वीज प्रथम गेली मुंबईच्या गिरण्यांकडे. उशाशी वीजघर असून आजूबाजूच्या गावांत कंदील जळत होते, हीही गोष्ट खरी. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पेज नदीत येतं आणि राजनाला कालव्याने उन्हाळी भाताला मिळतं, हे इथल्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. तेव्हा दाखला कालव्याचाच घेऊ.

शेताकडे जाणारी एखादी चारी फुटली तर आपण काय करतो? त्या चारीचं दार पाडतो. कालव्याच्या मुखाशी जाऊन सगळंच पाणी कोणी बंद करत नाही. पण चारीचं दार अडकून बसलं, तर मात्र वरचं दार पाडावं लागतं, नाहीतर खाचरं वाहून जातील. विजेच्या वाटेवर अशीच दारं असतात. गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो तिथे, फ्यूज असतो. त्याच्यावर सबस्टेशनातून निघणाऱ्या लाइनचा, म्हणजे फीडरचा ब्रेकर. त्याच्याही वर सबस्टेशनात येणाऱ्या विजेचा मुख्य ब्रेकर. ब्रेकर म्हणजे दार, आणि दार केव्हा पाडायचं हे ठरवणारा राखणदार म्हणजे रिले.

हा राखणदार पाहतो कसा? लाइनमधून शेकडो अँपिअर करंट वाहत असतो. तो थेट रिलेत घेता येत नाही. म्हणून मध्ये करंट ट्रान्सफॉर्मर बसवतात. तो दोनशे अँपिअरचे पाच अँपिअर, किंवा एकच अँपिअर, करून रिलेला दाखवतो. जुन्या पद्धतीच्या रिलेत ॲल्युमिनियमची एक चकती असते. घरातल्या जुन्या मीटरमध्ये जी तबकडी गरगर फिरताना आपण पाहिली आहे, तिचीच ही बहीण. करंट ठरावीक मर्यादेच्या आत असेतो स्प्रिंग चकतीला धरून ठेवते. मर्यादा ओलांडली की चकती फिरू लागते, आणि करंट जितका जास्त तितकी भराभर. फिरत फिरत ती एका बिंदूला टेकली की ब्रेकरला हुकूम सुटतो. नव्या रिलेत चकती नाही, हिशेब करणारी चिप असते. पण हिशेब बहुतेक तोच.

इथे निवड करणाऱ्या इंजिनियरपुढे दोन प्रश्न असतात. किती करंटला जागं व्हायचं, आणि जागं झाल्यावर किती वेळ थांबायचं. पहिला प्रश्न सगळ्यांना सुचतो. खरी मेख दुसऱ्यात आहे.

आकड्यांत सांगतो, गुरुजींनी फळ्यावर मांडून पाहावं. समजा फीडरचा रिले २०० अँपिअरवर लावला आहे आणि मुख्य ब्रेकरचा ४०० वर. फीडरवर दोन तारा एकमेकींना भिडल्या आणि २००० अँपिअर वाहू लागले. फीडरच्या रिलेला हे आपल्या मर्यादेच्या दहापट दिसतं, मुख्य रिलेला पाचपट. नेहमीच्या वापरातल्या रिलेच्या वक्राप्रमाणे, वेळेचा गुणक एक असेल तर दहापटीला सुमारे तीन सेकंद लागतात आणि पाचपटीला सव्वाचार. आता फीडरचा गुणक ठेवला ०.१, तो ०.३ सेकंदात दार पाडील. मुख्य रिलेचा गुणक ठेवला ०.१५, तो ०.६४ सेकंदापर्यंत थांबेल. दोघांमध्ये सेकंदाचा तिसरा हिस्सा उरला. एवढ्या अवधीत फीडरचा ब्रेकर उघडतो, ठिणगी विझते आणि मुख्य रिले स्वस्थ बसतो. बाजारपेठेचा फीडर वेगळा असेल तर तिथली लाईट जात नाही. पण घाईघाईने मुख्य रिलेचा गुणकही ०.१ च्याच आसपास ठेवला, तर दोघांत शर्यत लागते आणि सगळा मुलूख अंधारात जातो. पुष्कळांना वाटतं, सर्वांत चपळ रिले तो सर्वांत चांगला. माझं मत तसं नाही. वरच्या राखणदाराचा मोठा गुण म्हणजे धीर. खालच्याने काम केलं नाही तरच त्याने पुढे व्हावं.

या उतरंडीची सर्वांत खालची पायरी आपल्या हातात असते, म्हणून एक अप्रिय गोष्ट बोलतो. डीपीवरचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार गुंडाळायची खोड काही ठिकाणी आहे. एकतर त्या पेटीला हात लावणं हे वायरमनचं काम, आपलं नव्हे. यात जीव गेलेले आहेत. दुसरं असं, की जाड तार वितळत नाही. मग सबस्टेशनात कितीही विचार करून रिले लावलेला असो, चारीचं दार आपणच उघडं बांधून ठेवलेलं असतं. एका घरचा बिघाड अख्ख्या फीडरवर जातो, किंवा ट्रान्सफॉर्मर जळतो आणि ऐन हंगामात पंप बंद पडतात.

रिलेची मर्यादा फार खाली ठेवली तर काय होतं, याचा जगात गाजलेला दाखला ९ नोव्हेंबर १९६५ चा आहे. कॅनडातल्या एका वीजघरातून निघणाऱ्या लाइनवरचा रिले पूर्वीच्या भाराच्या हिशेबाने लावलेला होता. पुढे भार वाढला, रिले तसाच राहिला. त्या संध्याकाळी लाइनमध्ये काहीही बिघाड नसताना त्याने ती तोडली. तिचा भार शेजारच्या लाइनींवर पडला, त्याही तुटल्या, आणि न्यूयॉर्कसह सुमारे तीन कोटी माणसं अंधारात गेली. काही ठिकाणी वीज यायला तेरा तास लागले. आपल्याकडेही फार्महाउसं वाढतात, पंप वाढतात, गिरण्या लागतात. भार वाढला की रिलेचा हिशेब पुन्हा करावा लागतो, तो एवढ्यासाठी.

आता सर्वांत जपून ऐकायची गोष्ट. तार तुटून जमिनीवर पडली तर तिच्यासाठी निराळा रिले असतो, अर्थ-फॉल्टचा. तिन्ही तारांतून गेलेला करंट तिन्ही तारांतूनच परत यायला हवा. काही वाट जमिनीतून गेली की बेरीज जुळत नाही, आणि ती तफावत हा रिले पाहतो. तो साध्या रिलेपेक्षा पुष्कळ तिखट असतो, दोनशे अँपिअरच्या लाइनवर चाळीस अँपिअरलाही जागा होईल असा लावता येतो. चिखलाने भरलेल्या खाचरात तार पडली तर बहुधा तो ओळखतो. पण कोरड्या मुरमावर, कातळावर किंवा डांबरी रस्त्यावर पडली तर जमिनीत जाणारा करंट फार थोडा असतो, कधी कधी अवघा काही अँपिअर. माणूस मारायला तेवढा शंभरपट पुरेसा. रिलेला जागं करायला मात्र अपुरा. मग रिले आणखी तिखट का करत नाहीत? करतात, पण त्यालाही सीमा आहे. पावसात ओले इन्सुलेटर थोडाबहुत करंट गळतातच, ओल्या फांद्या तारांना लागतात. अती तिखट रिले चार महिने रात्रंदिवस लाइन पाडत राहील. या ओढाताणीतून पूर्ण सुटका करणारा रिले अजून तरी बाजारात नाही.

शिवाय आणखी एक. फांदी क्षणभर लागून बाजूला होते, पक्षी आदळतो, अशा तात्पुरत्या बिघाडांसाठी कित्येक लाइनींवर पाडलेलं दार थोड्या वेळाने आपोआप पुन्हा उघडण्याची सोय असते. तेव्हा पडलेली तार निपचित दिसली, ठिणगी नाही, आवाज नाही, म्हणून ती मेली असं धरू नये. ती पुढच्या क्षणी जिवंत होऊ शकते. तारेपासून दहा मीटर तरी दूर राहावं, गुरंही दूर ठेवावीत. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असतं, त्यामुळे ओल्या जमिनीतला करंट त्यांना आधी धरतो. आपण चुकून जवळ सापडलो तर पावलं जुळवून, जमिनीवरून सरकत सरकत बाहेर यावं. ढांग टाकू नये, धावू तर नयेच.

शाळांत एक सोपा प्रयोग करता येईल. लोखंडी खिळ्याभोवती आवरण असलेली तांब्याची तार गुंडाळा, टॉर्चचा एक सेल जोडा आणि टाचण्या उचलून दाखवा. पुष्कळ रिले याच तत्त्वावर चालतात. घरातल्या विजेला मात्र प्रयोगासाठी हात लावायचा नाही. मग सेल काढून घ्या, टाचण्या गळून पडतील. सबस्टेशनातही एक बॅटरी असते. रिलेने हुकूम दिला तरी ब्रेकरचा खटका ओढण्याची ताकद तिची. ती उतरलेली असेल तर हजारो रुपयांचा रिले नुसताच हुकूम देत बसेल. म्हणून जाणता ऑपरेटर पाळीवर आला की आधी बॅटरीचं माप पाहतो.

तार तुटलेली दिसली की १९१२ या नंबरवर महावितरणला कळवावं. गाव, पाडा, जवळच्या डीपीचं नाव आणि तार कशावर पडली आहे, खाचरात, रस्त्यावर की कातळावर, एवढं सांगितलं की सबस्टेशनातल्या माणसाला कोणतं दार हाताने पाडायचं ते ताबडतोब कळतं. वायरमन येईपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा करावा आणि रस्ता अडवून धरावा.