दुसरं दुकान काढताय? उधारीची यादी कशी कापणार?

दुसरं दुकान काढताना आपण भाडं, डिपॉझिट, फर्निचर सगळं मोजतो. उधारीची यादी कुठे राहणार हे मात्र विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

सांगलीचं दुकान चालू होतं, मिरजेत दुसरं काढलं. डेटा सगळा सांगलीच्या कॉम्प्युटरवर, मिरज नेटवरून जोडलेलं. दिवाळीच्या तोंडावर नेट गेलं आणि मिरजेत बिलच निघेना. गिऱ्हाइकं रांगेत उभी!

यावर उपाय आहे हॉरिझॉन्टल फ्रॅगमेंटेशन. नाव जड आहे, काम सोपं. टेबल आडवं कापायचं. रकाने तेच राहतात (नाव, मोबाइल, बाकी), पण ओळी वाटून घ्यायच्या. सांगलीच्या गिऱ्हाइकांच्या ओळी सांगलीत, मिरजेच्या मिरजेत. नेट गेलं तरी दोन्ही काउंटर चालू.

पण कापताना एकही ओळ सुटता कामा नये, कुठलीही ओळ दोन्हीकडे येता कामा नये, आणि दोन्ही तुकडे एकाखाली एक जोडले की मूळ यादी परत मिळाली पाहिजे.

मी पत्त्यावरून कापलं, 'सांगली' इकडे, 'मिरज' तिकडे. मग कुपवाडची माणसं? महापालिका तिघांची एकच आहे हो, पण माझ्या यादीत कुपवाड कुठेच बसेना. त्यांची उधारी दोन्हीकडून गायब! बरं, 'सांगली' आणि 'सांगली सोडून बाकी सगळे' असं कापलं तरी फसाल. पत्त्याचा रकाना रिकामा म्हणजे नल असेल, तर एसक्यूएल ती ओळ दोन्ही अटींत धरत नाही. रिकाम्यांसाठी वेगळी अट लिहावीच लागते.

उलटंही झालं. एका गिऱ्हाइकाचं नाव दोन्हीकडे लागलं. मर्यादा ५,००० ची, आणि त्याने दोन दुकानांत मिळून ९,००० च्या वर उधारी केली. चूक त्याची नव्हती, मशीनने दोन्हीकडे 'चालेल' म्हटलं.

म्हणून आता पत्ता बाजूला ठेवला आणि 'घरचं दुकान' असा रकाना केला. तो रिकामा सोडताच येत नाही आणि त्यात एकच नाव बसतं. तुम्हीही कापण्याआधी एकूण ओळी आणि एकूण बाकी कागदावर लिहून ठेवा, कापल्यावर दोन्ही तुकड्यांची बेरीज जुळवा. रुपयाचा फरक आला तरी जुनी यादी पुसू नका.

कुपवाडची नावं मी मिरजेला दिली. ती माणसं सांगलीत आली आणि नेट नसेल, तर त्या दिवशी रोख. एक-दोघे कुरकुरतात, चालायचंच.