श्वासाचा रकाना

रुग्णाच्या खाटेशी टांगलेल्या तक्त्यावर ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब यांचे जे रकाने आखलेले असतात, त्यांत श्वासाच्या रकान्याइतकी उपेक्षा दुसऱ्या कोणत्याही रकान्याच्या वाट्याला आली नसेल. तापाला तापमापक आहे, रक्तदाबाला यंत्र आहे, नाडीलाही आता बोटाला लावायचा चिमटा आहे. श्वासाला मात्र एक जागरूक माणूस आणि त्याचे एक अखंड मिनिट यांवाचून दुसरे साधन नाही, आणि गर्दीच्या इस्पितळात नेमक्या याच दोन गोष्टींची टंचाई असल्यामुळे कित्येक ठिकाणी त्या रकान्यात खाटेमागून खाट १८, २०, १८, २० असे आकडे केवळ सवयीने उतरवले जातात. हा प्रमाद लहान नव्हे. फुप्फुसाला दाह झालेला असो, हृदय थकलेले असो, रक्तात जंतूंचे विष भिनत असो वा मधुमेह्याच्या रक्तातील आम्लता वाढत असो, देह आपली पहिली फिर्याद बहुधा श्वासाकडेच गुदरतो. रक्तदाब ढासळण्याच्या कित्येक तास आधीपासून श्वासाची गती वाढू लागलेली असते, आणि ती वेळीच मोजली गेली नाही म्हणून जे रुग्ण हातचे जातात, त्यांची जबाबदारी कोणाच्याच नावावर रुजू होत नाही.

पेणच्या एका रुग्णालयात, आषाढाच्या झडीत, हे काम जवळून पाहण्याचा योग मला आला. या मोसमात येथे श्वासाचे रुग्ण येतात ते ठरावीक दिशांनी येतात. पेण शहरातून आणि हमरापूर, जोहे या गावांतून गणपतीच्या कारखान्यांतले कारागीर येतात, कारण भाद्रपद जवळ आल्यामुळे तेथे दिवसरात्र काम चाललेले असते. पावसापायी दारे-खिडक्या लावून घेतलेल्या असतात, आणि प्लास्टरच्या मूर्ती पॉलिश पेपरने घासताना उडणारी पांढरी धूळ व फवाऱ्याने मारलेल्या रंगाचा उग्र वास एकाच हवेत कोंडून राहतो. वीटभट्ट्यांचा हंगाम संपवून वाडीवर परतलेल्या कातकरी बायका तान्ही मुले घेऊन येतात. बिडी आणि चुलीचा धूर यांत आयुष्य गेलेले म्हातारे-म्हाताऱ्या येतात. आणि रोह्याकडून आलेला एखादा दमेकरी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असल्याचे सांगतो.

वॉर्डाच्या ज्येष्ठ सिस्टर आपल्याबरोबरच्या विद्यार्थिनींना पहिली गोष्ट शिकवत होत्या ती स्टेथोस्कोप न वापरण्याची. दारातून आत येतानाच माणूस कसा चालतो, बसल्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे वाकतो काय, श्वास सोडताना ओठांचा चंबू करतो काय, मानेचे स्नायू दोऱ्यांसारखे ताणले जातात काय, बरगड्यांमधील जागा श्वासागणिक आत ओढली जाते काय, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक वाक्य एका दमात पुरे करतो की दोन-दोन शब्दांवर थांबतो, हे सर्व विद्यार्थिनीने पाहून ठेवावे, मग हात लावावा. मूर्ती घासण्याचे काम करणारा एक मध्यमवयीन कारागीर समोर बसला होता. त्याची कैफियत ऐकून घेताना सिस्टरांचे प्रश्न वरवर घरगुती वाटत, पण त्यांतला एकही निरर्थक नव्हता. खोकला किती दिवसांचा? बेडका पडतो का, रंग कसला, रक्ताचा डाग दिसला का? रात्री उशाला किती उशा लागतात? कपडे सैल झाले का? आणि मग, "दादा, काम काय करता? तोंडाला फडकं बांधता का?" इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याने वैद्यांना आवर्जून सांगितले होते की, पूर्वापार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत रुग्णाच्या धंद्याचा प्रश्न वाढवावा. तीन शतके उलटून गेल्यावरही जो प्रश्न बहुतेक केसपेपरांवर छापलेला नसतो, तो येथे रोज तोंडी विचारला जात होता, आणि त्याचे उत्तर समासात लिहिले जात होते, हे मला फार मोलाचे वाटले.

प्रश्न संपले तशी सिस्टरांनी त्याच्या मनगटावर बोटे ठेवली. कोणालाही वाटावे की नाडी पाहणे चालले आहे. अर्धा मिनिट ती पाहिलीही गेली. परंतु त्यानंतर बोटे तशीच ठेवून दृष्टी मात्र छातीच्या चढउतारावर गेली आणि घड्याळाचा काटा पूर्ण फेरा करीपर्यंत ती ढळली नाही. हे कसब आवश्यक आहे. श्वास हे असे विलक्षण कर्म आहे की जे आपोआपही चालते आणि इच्छेनेही चालवता येते. 'तुमचा श्वास मोजते' असे म्हटल्याबरोबर माणूस तो आवरू लागतो, आणि मग जो आकडा मिळतो तो त्याच्या आजाराचा नसून त्याच्या संकोचाचा असतो. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याचा जो सोपा मार्ग, तोही येथे निषिद्ध होता, कारण एका श्वासाची चूक गुणाकाराने चार श्वासांची होते. निरोगी प्रौढ माणूस मिनिटास १२ ते २० श्वास घेतो. कारागिराचे २६ भरले.

त्यानंतर पाठीची पाळी. हात छातीवर दुमडून उलट्या खांद्यांना धरायला लावले की खवाटे बाजूला सरतात आणि फुप्फुसांचा अधिक भाग ऐकण्यास मोकळा होतो. प्रथम दोन्ही तळवे पाठीवर ठेवून, दोन्ही अंग सारखेच फुलतात की एक मागे राहते, हे पाहिले; मग त्याला 'एक, दोन, तीन' म्हणायला लावून शब्दांचा कंप हाताला किती पोचतो ते अजमावले. दाहाने घट्ट झालेल्या फुप्फुसातून तो कंप वाढून येतो, आणि फुप्फुसाभोवती पाणी साचले असल्यास जवळजवळ नाहीसा होतो. बोटावर बोट आपटून नाद घेण्याची, व्हिएन्नाच्या आऊएनब्रुगरने १७६१ साली मांडलेली रीत येथे क्वचितच वापरली जाते, तिच्याविषयी अधिक लिहीत नाही.

परंतु ऐकणे हा या कामाचा गाभा आहे आणि त्याची शिस्त मी मुद्दाम तपशिलाने नोंदवतो. स्टेथोस्कोपची चकती प्रथम तळहातावर ऊन करावी. ती सदऱ्यावरून कधीही लावू नये, कारण कापडाची खसखस हुबेहूब रोगाच्या आवाजासारखी भासते. रुग्णाने तोंड उघडे ठेवून नेहमीपेक्षा थोडा खोल श्वास घ्यावा, आणि त्याला भोवळ येऊ लागल्यास मध्ये थांबावे. वरून खाली येताना उजवीकडचे एक ठिकाण ऐकले की लगेच डावीकडचे तेच ठिकाण ऐकावे, कारण येथे रुग्णाचे एक फुप्फुस हेच त्याच्या दुसऱ्या फुप्फुसाचे प्रमाण असते. आणि प्रत्येक ठिकाणी श्वास आत जाऊन पूर्ण बाहेर येईपर्यंत चकती हलवू नये. गळपट्टीच्या हाडावरचा खळगाही सोडू नये. फुप्फुसाचे टोक तेथवर पोचते, आणि क्षयाला फुप्फुसाचा वरचा भाग विशेष प्रिय आहे. सिस्टरांनी मला ऐकण्याची नळी दिली तेव्हा कारागिराच्या उजव्या पाठीवर, वरच्या भागात, श्वास आत घेण्याच्या अखेरीस, कानाशी केसांची बट चोळल्यासारखी बारीक चरचर ऐकू आली. त्याला खोकायला सांगून पुन्हा ऐकवले. चरचर कायम होती. नुसता कफ असता तर खोकल्याने आवाज बदलला वा गेला असता, हे त्या पुन्हा ऐकण्यामागचे कारण. या आवाजांची पहिली व्यवस्थित वर्णने रने लाएनेक याने १८१९ सालच्या आपल्या ग्रंथात केली, आणि त्यानंतर सातच वर्षांनी तो स्वतः क्षयाने वारला.

खोकला दोन आठवड्यांहून जुना, वजन उतरलेले, संध्याकाळी कणकण आणि वरच्या भागातील तो आवाज, एवढे जुळल्यावर सिस्टरांनी धुळीला सारा दोष देऊन त्याला परत पाठवले नाही. रोगाचे नाव ठेवण्याचा अधिकार डॉक्टरांचा. पण त्यांच्यापुढे तो कारागीर गेला तो या चारही नोंदींसह, आणि थुंकीच्या तपासणीचा हुकूम त्याच दुपारी निघाला.

तान्ह्या मुलांची गोष्ट याहून निकडीची. वाडीवरून आलेल्या एका आईने सांगितले, "बाय, कालपासून पोट उडतंय." सिस्टर म्हणाल्या, "आत्ता पदराला लावू नकोस गं, नुसतं मांडीवर धर, उगी राहू दे." मूल रडत वा पीत असताना मोजलेला श्वास ग्राह्य नसतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाला मिनिटास ६०, एक वर्षाच्या आत ५०, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले तर तो जलद समजावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. या आठ महिन्यांच्या बाळाचे ६२ भरले, आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग फुलण्याऐवजी आत ओढला जात होता; डॉक्टरांना वर्दी गेली आणि ऑक्सिजन लागला तो बाळ आईच्या मांडीवर असतानाच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी याच मोजणीवर भिस्त ठेवून गावच्या सुइणींनाही न्यूमोनिया ओळखण्यास शिकवले, ज्यांना अंक येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे साधन तयार केले, आणि बालमृत्यू घटल्याचे त्यांचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. निरक्षर सुईण जे मिनिट देऊ शकते, ते सुसज्ज इस्पितळाला देता येऊ नये, याची मला मनापासून खंत वाटते.

बाळाच्या आईच्या बोटाला चिमटा लावला तर तिचा आकडा ९८ आला, आणि तरीही दोन पावलांत तिला धाप लागत होती. तिच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी होती. चिमटा सांगतो ते रक्तात असलेल्या रक्तद्रव्यापैकी किती भागाने प्राणवायू उचलला आहे एवढेच. मुळात रक्तद्रव्यच अपुरे असेल तर ९८ या आकड्यावर विसंबणे म्हणजे तिची तक्रार नाकारणे होय. रक्ताच्या तपासणीचा कागद बाळाच्या कागदांबरोबरच निघाला.

रात्री आठच्या सुमारास पाळी बदलली. खाटेगणिक चार्ज देत सिस्टर एका बिडीबाज म्हाताऱ्याच्या खाटेपाशी आल्या. सकाळी त्यांचा श्वास ३४ होता, आता १४ झाला होता, आणि नव्या पाळीची मुलगी समाधानाने म्हणाली, "आजोबांना आराम पडलाय." सिस्टरांनी आजोबांचा खांदा हलवला, नाव विचारले, उत्तर यायला वेळ लागला. दीर्घकाळच्या धुराने झिजलेल्या फुप्फुसांचा माणूस थकला म्हणजे त्याचा श्वास असाच उतरतो, आणि भरमसाट ऑक्सिजन दिल्यास अंगारवायू (कार्बन डायऑक्साइड) साचून त्याला गुंगीही येते. त्यांच्या बोटाचा आकडा ९८ होता, आणि अशा माणसाला ८८ ते ९२ पुरेसे असते. डॉक्टरांना फोन करून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे नळीचा प्रवाह कमी करून, सिस्टरांनी त्या मुलीला समजावले, "१४ नुसता लिहू नकोस. उठवल्यावर डोळे उघडले का, बोलले का, तेही शेजारी लिही. अर्ध्या अर्ध्या तासाने ये, उठव, पूर्ण मिनिट मोज, आणि उठले नाहीत तर लगेच हाक मार."