भिंतीपलीकडचे मैदान

पुण्याच्या पूर्वेस, घोरपडी आणि मुंढवा यांच्या परिसरात, लष्कराच्या हद्दीत आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट ही संस्था उभी आहे. ऑलिंपिकच्या तोडीचे खेळाडू घडवावयाचे, हा हेतू समोर ठेवून २००१ साली तिची स्थापना झाली. मुष्टियुद्ध, कुस्ती, वेटलिफ्टिंग, धनुर्विद्या, ॲथलेटिक्स अशा मोजक्या खेळांवरच तेथे लक्ष केंद्रित केलेले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये, टोकियोत नीरज चोप्रा याने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळविल्यानंतर तीनच आठवड्यांत, येथील क्रीडांगणाला त्याचे नाव देण्यात आले. त्या दिवशी घोरपडीचे नाव देशभर झाले. एरवी पुणेकराला घोरपडी म्हटले की आठवते ते रेल्वेचे फाटक.

हा परिसर मोठा विलक्षण आहे. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांनी येथे छावणी वसविली आणि आसपासच्या खेड्यांचे नशीब त्या छावणीशी बांधले गेले. दौंडकडे आणि मिरजेकडे जाणारे दोन्ही लोहमार्ग घोरपडीतून जातात. त्यामुळे फाटकाशी ताटकळणे येथील रहिवाशांच्या अंगवळणी पडले. मुंढव्यात कारखाने आले आणि कामगारांच्या वस्त्या वाढल्या. पुढे शेते गेली, मळे गेले आणि त्या जागी बहुमजली इमारती आल्या. नदीपलीकडच्या खराडीत संगणक कंपन्यांची काचेची घरे उभी राहिली. या साऱ्या घाईगर्दीत जे विस्तीर्ण मोकळे रान आजही शिल्लक दिसते, ते बहुतांशी लष्कराच्या भिंतीआड आहे. या भिंतीविषयी, बंद होणाऱ्या रस्त्यांविषयी, पहाऱ्याविषयी नागरिकांनी कुरकूर करावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु भिंत नसती तर तेथे मैदान उरले असते काय, याचे प्रामाणिक उत्तर प्रत्येकाने आपल्या सदनिकेच्या गच्चीवरून चहूकडे पाहून द्यावे.

भिंतीआड जे घडते ते मात्र केवळ पदकांच्या हिशेबाने मोजता येण्यासारखे नाही. संस्थेला जोडलेल्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीत आठ ते चौदा या वयोगटातील मुले निवडून आणली जातात. त्यांचे राहणे, जेवण, शाळा आणि सराव हे सारे तेथेच होते. वय भरताच सैन्यात भरती होण्याचा मार्ग त्यांच्यापुढे असतो. मिझोरमच्या ऐझॉलमधून जेरेमी लालरिननुंगा हा मुलगा असाच २०१२ च्या सुमारास येथे आला. २०१८ साली त्याने युवा ऑलिंपिकचे सुवर्ण मिळविले आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकूण ३०० किलो वजन उचलून पुन्हा सुवर्ण जिंकले. त्याच स्पर्धेत सुवर्ण मिळविणारा अचिंत शिउली हा हावडा जिल्ह्यातला. वडील वारल्यानंतर आई आणि भावासह जरीकाम करून त्याने दिवस काढले होते. अशा मुलाला पोटभर अन्न, शिस्त आणि प्रशिक्षक एकाच आवारात मिळणे याचे मोल काय, हे शिकवणीवर्गाची फी भरणाऱ्या पालकांना सांगावयास नको.

तरीही हा मार्ग अतिशय अरुंद आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टिंगसाठी भारतातर्फे एकट्या मीराबाई चानूला प्रवेश मिळाला. जेरेमी नाही आणि अचिंतही नाही. सुवर्णविजेत्यांची ही गत, तर ज्यांची नावे वर्तमानपत्रात कधीच आली नाहीत त्या मुलांचे काय? दहा-बारा वर्षांचे वय हे आयुष्य एका खेळाला वाहण्याचे वय नव्हे, हा आक्षेप वजनदार आहे. लष्कराच्या पद्धतीत त्यावर निदान एक उतारा आहे. पदक हुकले तरी गणवेशाची वाट खुली असते. खासगी अकादमीत पदक हुकले की उरते ते कर्ज आणि अर्धवट राहिलेले शिक्षण.

खरा प्रश्न भिंतीच्या अलीकडचा आहे. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे याची धाव शाळेला दिसली नाही, जिल्ह्यालाही दिसली नाही. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती होऊन, सियाचीनची थंडी सोसून आल्यावर, लष्करी क्रॉसकंट्रीत ती दिसली. पुढे तो राष्ट्रकुल रौप्याचा मानकरी झाला. याउलट फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवला जिल्हा परिषदेच्या शाळेतील एका शिक्षकाने हेरले, तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, धनुर्धर झाला, नंतर सैन्यात आला आणि टोकियोपर्यंत पोहोचला. म्हणजे शाळेत डोळस माणूस असला तर हे घडू शकते. परंतु इमारतीच्या मजल्यांवर भरणाऱ्या, पटांगण नसलेल्या शाळांत शिक्षकाने मुलांची धाव पाहावयाची तरी कोठे? वाहनतळात?

लष्कराने आपले दरवाजे सर्रास उघडावेत, अशी मागणी कोणी शहाणा करणार नाही. सुरक्षिततेचे नियम खेळापेक्षा मोठे असतात. पण परिसरातील शाळांच्या वार्षिक स्पर्धा वर्षातून चार दिवस त्या सिंथेटिक धावपट्टीवर भरविता आल्या, तर त्यासाठी लागणारा पत्रव्यवहार महापालिकेच्या शिक्षण खात्याला आणि छावणी मंडळाला झेपण्याजोगा आहे. मुलांची नावे, ओळखपत्रे आणि शिक्षकांची जबाबदारी एवढ्यावर तो भागावा. संस्थेच्या प्रशिक्षकांनी त्या चार दिवसांत कडेला उभे राहून नुसते पाहिले, तरी पुरे.