सर तुरुंगात, शाळा चालू!

मुलांनो, आपल्या विदर्भात शाळा उघडते तीच मुळी जून सरता सरता. नव्या वह्यांना कव्हरं घालून, दप्तर पाठीला अडकवून तुम्ही वर्गात शिरता, आणि पहिल्याच दिवशी बातमी कानावर येते, "अरे, गणिताचे सर गेले!" चिखली असो, मेहकर असो, खामगाव असो की मलकापूर, खासगी शाळांत तर हे नेहमीचंच. कुणाला दुसरीकडे नोकरी मिळते, कुणी बाई लग्न होऊन परगावी जातात, कुणी निवृत्त होतात. तुम्हांला वाटतं, आता यांच्यासारखं कोण शिकवणार? आणि घरी आईबाबांच्या कपाळावर आठ्या, "यंदा दहावीचं वर्ष, आणि नेमके आत्ताच सर बदलले!"

काळजी वाटणं साहजिक आहे. पण आज मी तुम्हांला एका अशा शाळेची गोष्ट सांगणार आहे, जिच्यावर एकाच वर्षात याहून कितीतरी मोठं संकट आलं होतं. एक गुरुजी मार्च महिन्यात वारले, तर जुलैमध्ये दोन गुरुजी चक्क तुरुंगात गेले! ती शाळा म्हणजे पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल, आणि ते वर्ष १८८२.

वाड्यात भरलेली शाळा

त्याआधी ही शाळा कशी सुरू झाली ते बघू या. त्या काळी बऱ्याचशा चांगल्या शाळा सरकारी होत्या. सरकार इंग्रजांचं, म्हणून शिक्षण कसं द्यायचं हेही तेच ठरवणार. विष्णुशास्त्री चिपळूणकर असेच एक सरकारी शिक्षक होते. 'निबंधमाला' हे त्यांचं मासिक तेव्हा खूप गाजत होतं. नोकरी पक्की, पगार ठरलेला. पण त्यांनी ती नोकरी सोडली. आपल्या मुलांना आपल्या विचारांची शाळा हवी, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

त्यांना सोबती मिळाले तेही तरुणच. बाळ गंगाधर टिळक तेव्हा 'लोकमान्य' झालेले नव्हते. वय अवघं तेवीस! दुसरे माधवराव नामजोशी. धडपड्या स्वभावाचा, दहा ठिकाणी जाऊन काम जमवून आणणारा माणूस. जानेवारी १८८० मध्ये पुण्यातल्या एका जुन्या वाड्यात शाळा सुरू झाली. सरकारी अनुदान नाही की स्वतःची इमारत नाही. पहिल्या वर्षी चिपळूणकर आणि टिळक यांनी पगारसुद्धा घेतला नाही.

लवकरच वामन शिवराम आपटे येऊन मिळाले. संस्कृतचे गाढे विद्वान आणि शिस्तीचे पक्के. शाळेचा रोजचा कारभार तेच सांभाळू लागले. १८८१ च्या सुरुवातीला आणखी एक शिक्षक आले, गोपाळ गणेश आगरकर.

आता कान टवकारा, कारण आगरकरांचा आपल्या वऱ्हाडाशी जवळचा संबंध आहे. त्यांचा जन्म कऱ्हाडजवळच्या टेंभूचा, पण त्यांचं मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण झालं ते आपल्या शेजारच्या अकोल्यात. घरची गरिबी इतकी, की पुढे पुण्यात कॉलेजात असताना अंगावर एकच सदरा. रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा. अकोल्याच्या शिक्षकांनी मदत केली म्हणून तर हा मुलगा कॉलेजपर्यंत पोचला. एम.ए. झाल्यावर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण आगरकर गेले ते या बिनइमारतीच्या शाळेत, थोड्याशा पगारावर.

ते कठीण वर्ष

याच मित्रांनी जानेवारी १८८१ मध्ये दोन वर्तमानपत्रं काढली. मराठीतून 'केसरी' आणि इंग्रजीतून 'मराठा'. म्हणजे दिवसा शाळा, आणि उरलेल्या वेळात छापखाना. छापखान्यातले खिळे भरलेले खोके टिळक-आगरकरांनी स्वतःच्या खांद्यावरून वाहून नेले, असं सांगतात. गुरुजी आणि हमाल, दोन्ही एकच!

आणि मग १८८२ साल उजाडलं.

१७ मार्चला विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले. वय फक्त एकतीस. ज्यांच्या मनात ही शाळा पहिल्यांदा आली, तेच गेले. शाळेला तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती.

त्यातच कोल्हापूरचा खटला सुरू होता. झालं होतं असं, कोल्हापूरच्या तरुण महाराजांना नीट वागवलं जात नाही, असा आरोप तिथल्या कारभाऱ्यांवर, म्हणजे माधवराव बर्वे यांच्यावर, होत होता. पुरावा म्हणून काही पत्रं 'केसरी' आणि 'मराठा' यांच्या हाती आली. ती छापली गेली. पुढे ती पत्रं बनावट निघाली! टिळक-आगरकरांनी माफी मागितली, पण अब्रुनुकसानीचा खटला काही थांबला नाही. १७ जुलै १८८२ ला दोघांना चार-चार महिन्यांची साधी कैद झाली आणि त्यांची रवानगी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात झाली. टिळकांचा सव्विसावा वाढदिवस तिथेच गेला.

आता तुम्हीच कल्पना करा. मार्चमध्ये एक गुरुजी गेले, जुलैमध्ये आणखी दोन. तेही ऐन शाळेच्या दिवसांत! मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा डोक्यावर. बाहेरगावाहून पुण्यात शिकायला आलेली कित्येक गरीब मुलं त्या काळी वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या घरी. अशा मुलाचं एक वर्ष वाया जाणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट! शाळा बंद पडली असती तरी कुणाला नवल वाटलं नसतं.

मग शाळा चालली कशी?

शाळा बंद पडली नाही. आपटे होते, नामजोशी होते आणि त्यांचे सहकारी होते. जे मागे राहिले त्यांनी शाळा ओढून नेली. आणि मुलंही शाळा सोडून पळाली नाहीत.

त्याच १८८२ मध्ये देशभरच्या शाळांची पाहणी करायला सरकारनं एक आयोग नेमला होता. त्याचे अध्यक्ष होते सर विल्यम हंटर. पुण्यात आले असताना त्यांनी ही शाळा पाहिली आणि भरभरून कौतुक केलं. सरकारची कवडीही न घेणारी ही शाळा सरकारी हायस्कुलांच्या तोडीस तोड आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. ज्या वर्षी शाळेचे तीन आधार निखळले, त्याच वर्षी तिला ही शाबासकी मिळाली, बरं का!

तिकडे डोंगरीत दोघे गुरुजी काय करत होते? गप्पा आणि वाद! आपल्या देशात शिक्षण कसं वाढवायचं, शाळेपुढे कॉलेज काढायचं का, यावर त्यांचं बोलणं रंगे. आवाज इतका चढे, की पहारेकऱ्यांना त्यांना गप्प करावं लागे. एकशे एक दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, त्यांची सुटका झाली. लोकांनी त्यांचं मोठं स्वागत केलं. आगरकरांनी त्या दिवसांवर एक पुस्तकही लिहिलं, 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस'.

नाटकातला मुलगा

या खटल्याचा खर्च भागवायला लोकांनी पैसे गोळा केले होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी तर त्यासाठी एक नाटक केलं. त्या काळी बायकांची कामंही मुलगेच करत. त्या नाटकात पंधरा-सोळा वर्षांचा एक लाजरा मुलगा स्त्रीची भूमिका करत होता. ओळखा पाहू कोण? गोपाळ कृष्ण गोखले!

पुढची गंमत ऐका. २४ ऑक्टोबर १८८४ ला या शिक्षकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. कुणी एक माणूस गेला म्हणून काम अडू नये, यासाठी आता संस्थाच उभी राहिली. २ जानेवारी १८८५ ला तिचं फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. वामनराव आपटे त्याचे पहिले प्राचार्य. त्यांचा संस्कृत-इंग्रजी शब्दकोश संस्कृत शिकणारे आजही उघडतात. आणि त्याच १८८५ मध्ये न्यू इंग्लिश स्कूलमध्ये एक नवे तरुण सर रुजू झाले. कोण? नाटकातला तोच मुलगा, गोखले. पुढे त्यांनी मुलांसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिलं. देशाचे मोठे नेते झाले, ते त्यानंतर.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं मात्र समजू नका. शिक्षकांचे आपसांत मतभेद झाले. डोंगरीत एकत्र राहिलेले टिळक आणि आगरकर एकमेकांपासून दुरावले. १८९० च्या अखेरीला टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. आता कॉलेजात गणित कोण शिकवणार? १८९१ मध्ये त्या जागी आले धोंडो केशव कर्वे, ज्यांनी पुढे मुलींच्या शिक्षणासाठी सारं आयुष्य वेचलं. टिळक गेले म्हणून कर्वे आले. १८९२ मध्ये आपटे वारले, तेव्हा प्राचार्य झाले आगरकर. दर वेळी वाटलं, आता कसं होणार? आणि दर वेळी कुणीतरी पुढे आलं.

तुमच्या वर्गात

मग तुमच्या वर्गात नवे सर आले, तर काय कराल? जुन्या सरांशी त्यांची तुलना करून पहिल्याच तासाला तोंड वाकडं कराल, की त्यांना महिनाभर वेळ द्याल? नवे सर घाबरलेलेही असू शकतात बरं! चाळीस-पन्नास नवे चेहरे, एकाचंही नाव ठाऊक नाही. अशा वेळी फळ्यावर तारीख लिहून ठेवणं, धडा कुठवर आला ते नीट सांगणं, मागच्या सरांची वही दाखवणं, एवढं तर तुम्ही नक्कीच करू शकता. आणि आईबाबांनो, शाळा बदलायचा विचार करण्याआधी एकदा शाळेत जाऊन नव्या सरांना भेटून या. "काही लागलं तर सांगा," एवढं म्हटलं तरी त्यांना केवढा धीर येतो!

आता एक काम तुमच्यासाठी. बऱ्याच शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लाकडी फलक असतो. त्यावर आजवरच्या सगळ्या मुख्याध्यापकांची नावं आणि वर्षं रंगवलेली असतात. एकदा तो फलक नीट वाचा. किती जण आले, किती गेले ते मोजा. त्यांतल्या एखाद्याबद्दल शाळेतल्या सर्वांत जुन्या शिपाईकाकांना विचारा. त्यांच्यापाशी गोष्टी असतात, पण विचारणारं कुणी नसतं. ऐकलेलं वहीत लिहून ठेवा, आणि नव्या सरांना वाचायला द्या. आपण कुठल्या शाळेत आलो आहोत, ते त्यांनाही कळायला हवं ना!