गोळीच्या घड्याळाने

सकाळी ६.००
गजराच्या आधी डाव्या पायाची बोटंच जागं करतात. ती आत वळून घट्ट झालेली असतात, कारण रात्रीची गोळी कधीच उतरलेली असते. या वेळी पाकिटातून गोळी काढणं हाताला जमत नाही, म्हणून ती रात्रीच काढून पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवलेली असते. घेते आणि पडून राहते. पाऊण तासात बोटं सुटतात, कूस वळते, दिवस सुरू होतो.

७.००
जुहू गावठाणातून चौपाटी जवळच. ओहोटी असेल तर ओल्या, घट्ट वाळूवरून चालते. कोरड्या वाळूत पाय रुततो, म्हणून भरतीला रस्त्यानेच. पार्किन्सन्समध्ये पावलं नकळत आखूड होतात, तेव्हा मोठं पाऊल मुद्दाम टाकायचं, हात मुद्दाम हलवायचे. या वेळी मला पाहणाऱ्याला, मला हा आजार आहे हे सांगूनही पटत नाही. त्याची किंमत दुपारी मोजावी लागते.

९.००
दुसरी गोळी, लेव्होडोपा आणि कार्बिडोपाची. त्यानंतर अर्धा तास पोटात काही नाही, मग पोहे. अंडं, पनीर सकाळी बंद. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच वाटेने जातात. गर्दी झाली की गोळी मागे राहते. प्रथिनं सोडायची नाहीत, वेळ बदलायची. आमच्याकडे बांगडा आता रात्रीच्या ताटात आला, एवढंच. नवऱ्याची कुरकुर अजून चालू आहे.

१०.००
मी दोन-तीन हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब लिहिते. गोळी चढलेली असते तेवढ्यात सह्यांची कामं उरकायची: चेक, व्हाउचर, बँकेची पत्रं. गोळी उतरताना पहिली चाहूल अक्षरात लागते. ओळीच्या सुरुवातीला बरं असलेलं अक्षर शेवटाला मुंगीएवढं होतं. तसं झालं की पेन खाली ठेवते आणि संगणकावरच्या नोंदी घेते. सही जुळली नाही म्हणून परत आलेल्या चेकचा खुलासा करण्यापेक्षा हे परवडतं.

१२.००
तिसरी गोळी. पूर्वी दिवसाला तीन गोळ्यांत भागायचं, आता तीन तासांनी एक लागते. गोळी तीच असताना असं का?

मुंबईकराला हे चटकन कळेल. इमारतीवर टाकी असली की महापालिकेचं पाणी तासभर आलं तरी नळ दिवसभर चालतो. आजार नवा असतो तेव्हा मेंदूतल्या उरलेल्या पेशी लेव्होडोपापासून डोपामिन बनवून साठवतात आणि लागेल तसं सोडतात. वर्षांगणिक पेशी घटतात, टाकी लहान होत जाते. मग पाणी येईल तेव्हाच नळ वाहणार. रक्तातलं लेव्होडोपा साधारण दीड तासात निम्मं होतं. म्हणजे गोळी निकामी झालेली नाही, साठवणूक गेली. याला डॉक्टर ‘वेअरिंग ऑफ’ म्हणतात.

डॉक्टरांनी दोन गोळ्यांमधलं अंतर कमी केलं आणि सोबत एन्टाकॅपोन दिलं. लेव्होडोपा शरीरात लवकर मोडू नये म्हणून ते असतं. त्याने लघवी केशरी होते. हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरून दवाखाना गाठतो.

२.३०
दिवसातला कठीण तास. डाळ-भात पोटात, बाराची गोळी उतरत आलेली, तीनची बाकी. सोसायटीचे सेक्रेटरी रजिस्टर न्यायला येतात आणि मी दाराच्या चौकटीत थिजते. पाय जमिनीला चिकटतात. “सकाळी तर चौपाटीवर झपाझप चालत होतात, ताई!” या वाक्यात काळजी कमी आणि शंका जास्त असते. सकाळची मी आणि आत्ताची मी, दोन्ही खऱ्या. इच्छाशक्तीचा इथे संबंध नाही.

हे हात धरून ओढत नाहीत; ओढलं की तोल जातो. उंबऱ्यापुढे रंगीत चिकटपट्ट्या लावल्या आहेत. पट्टी ओलांडायची म्हणून पाय उचलला की सुटतो. हे “एक, दोन” म्हणतात. सेक्रेटरी थांबतात.

४.००
तीनची गोळी चढली. कधी जरा जास्तच चढते. खांदा आणि मान आपोआप डोलू लागतात. लोक यालाच कंप समजतात, पण हे औषध जास्त झाल्याचं लक्षण आहे. ‘ऑफ’, म्हणजे गोळी उतरलेला काळ, टाळायला मनानेच अर्धी गोळी वाढवली तर हे पदरात पडतं. आणि वैतागून गोळ्या एकदम बंद करणं तर जिवावर बेतू शकतं.

५.००
व्यायाम. मुंबईत २००१ मध्ये स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांचे गट चालवते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. गटात बसलं की आपलं थिजणं कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

६.०० ते १०.००
सहाची गोळी, नऊला बांगडा, झोपताना हळूहळू विरघळणारी गोळी. मग वही. त्यात गोळीची वेळ, चढली केव्हा, उतरली केव्हा, खाल्लं काय, एवढंच. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या त्या याच वहीवरून. तपासणीच्या पंधरा मिनिटांत मी बहुतेक ‘ऑन’च असते, दुपारी अडीच वाजता मी कशी असते हे त्यांना तिथे दिसणार कसं?

तुमच्या घरी कोणाला हा आजार असेल तर पुढच्या भेटीआधी आठवडाभर अशा वेळा लिहा. “गोळी लागू पडत नाही” असं डॉक्टरांना सांगू नका. ती किती वाजता उतरते ते सांगा.