पडद्यावरचं रान, भाग ६ : डोंगर कुणाचं ऐकत नाही

जंगलातला सिनेमा बघायचा तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल, सिंदेवाही नाहीतर ब्रह्मपुरीकडच्या माणसाशेजारी बसून बघावा. वाघ पडद्यावर येण्याआधी तो झाडं बघून घेतो. गोष्टीत चैत्र चाललेला असतो आणि नायकामागे साग हिरवागार उभा असतो. आपल्याकडे चैत्रात साग उघडा पडलेला असतो, मोह गळत असतो आणि पाचोळा इतका वाजतो की दबकत चालणं भल्याभल्यांना जमत नाही. नायक मात्र त्या पाचोळ्यावरून आवाज न करता वाघाच्या पाठीमागे पोचतो. तिथून पुढे शेजारच्या माणसाचं लक्ष उडतं. त्याच्या लेखी ते जंगल खोटं ठरलेलं असतं, म्हणून त्यातला धोकाही खोटा.

जंगलात कॅमेरा कसा चालतो हे मागच्या भागात पाहिलं. आजचा प्रश्न असा : साहसपट खंडीभर निघतात, मग त्यातले मोजकेच पन्नास-सत्तर वर्षं का टिकतात? मराठीत याचं उत्तर शोधायचं तर मी आधी ‘जैत रे जैत’कडे जाईन. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून डॉ. जब्बार पटेलांनी 1977 साली केलेला हा चित्रपट. ना. धों. महानोरांची गीतं आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत यांनी तो घरोघरी पोचला आणि आजही बहुतेकांना तो गाण्यांमुळेच आठवतो. गाणी क्षणभर बाजूला ठेवली तर उरते ती एका माणसाची आणि एका डोंगराची गोष्ट. नाग्या हा ढोल वाजवणारा ठाकर. पुण्यवान माणसाला लिंगोबाच्या डोंगरावरची राणी माशी दिसते, अशी त्याची श्रद्धा. त्या ध्यासात माश्यांच्या डंखाने त्याचा एक डोळा जातो, आणि ज्या डोंगराला हात जोडले त्याच डोंगरावरची पोळी उतरवण्याचा तो पण करतो. नवऱ्याचं घर सोडून आलेली चिंधी त्याच्या पाठीशी उभी राहते.

गोष्ट कोकणातल्या ठाकरांची आहे. पण गडचिरोलीच्या रानात आग्या मोहोळ जवळून पाहिलेल्याला त्या पणाचं वजन कुणी समजावून सांगावं लागत नाही. आग्या मोहोळ उंच कड्याला किंवा उंच झाडाच्या फांदीला उघड्यावर लटकतं, एकच मोठं पोळं. ते काढायचं तर काळोखी रात्र बघावी लागते, खालून धूर करावा लागतो आणि दोराचा भरवसा असावा लागतो. एक डंख बसला की त्याच्या वासाने बाकीच्या माश्या तुटून पडतात, आणि धावून सुटू म्हटलं तरी त्या लांबवर पाठलाग करतात. नाग्याने शत्रू निवडला आहे तो असा. त्याला फितवता येत नाही आणि धमकावताही येत नाही. डोंगर चांगला नाही, वाईट नाही. तो नुसता आहे, आणि नाग्यासाठी तो आपला स्वभाव तसूभरही बदलत नाही.

मला या चित्रपटाचं बळ इथं दिसतं. काम एका वाक्यात सांगता येतं आणि ते किती अवघड आहे हे पहिल्या काही प्रसंगांतच कळतं. नंतर दिग्दर्शक नायकाला सूट देत नाही. नाग्या अखेर पोळी उतरवतो, पण त्या माश्यांच्या डंखांनी चिंधी जाते. तिला वाचवणारा एखादा प्रसंग लिहिणं अवघड नव्हतं. तो लिहिला असता तर डोंगराचा सगळा दरारा त्या एका प्रसंगात संपला असता, आणि आधीचे दोन तास आपण उगाच श्वास रोखून बसलो होतो असं वाटलं असतं.

अकिरा कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराय’मध्ये (1954) हाच हिशेब अगदी कागदावर मांडलेला दिसतो. गाव लुटायला येणारे दरोडेखोर चाळीस. म्होरक्या सामुराय कागदावर त्यांच्या खुणा करून ठेवतो आणि एकेक पडला की खूण खोडत जातो. लढाई कितीही धुमश्चक्रीची झाली तरी किती उरले हे आपल्याला माहीत असतं. शेवटी गाव वाचतं. सातांपैकी चौघे मातीखाली जातात आणि शेतकरी भाताच्या लावणीला लागतात. या चित्रपटातलं सगळं साहस पिकापासून सुरू होतं. पीक निघालं की लुटारू येणार, म्हणून तयारी कापणीआधी पुरी व्हायला हवी. प्रेक्षक शेतकरी असो वा नसो, ही घाई त्याला कळते.

मग जंगल खरंच हवं, साग हंगामाप्रमाणेच हवा, असा आग्रह धरायचा का? तसंही नाही. ‘द वेजेस ऑफ फिअर’ (1953) या फ्रेंच चित्रपटाची गोष्ट दक्षिण अमेरिकेतली, चित्रीकरण मात्र दक्षिण फ्रान्समधलं. तेलविहिरीला लागलेली आग विझवायला चार माणसं दोन ट्रकांमधून नायट्रोग्लिसरीन नेतात. जोराचा हिसका बसला की स्फोट, हा नियम सुरुवातीलाच सांगून होतो. पुढे घाटातल्या एका वळणावर ट्रक वळवायचा तर दरीवर बांधलेल्या कुजक्या फळ्यांवर तो मागे घ्यावा लागतो. चाक फळीवर येतं, लाकूड करकरतं, आणि देश कुठला हे आपण विसरून जातो. जागा उसनी असली तरी चालतं, नियम मात्र शेवटपर्यंत पाळावा लागतो.

नियमाखेरीज दुसरी न चुकणारी गोष्ट म्हणजे शरीर. म्हैसूरच्या माहुताचा मुलगा साबू 1937 च्या ‘एलिफंट बॉय’मध्ये हत्तीवर चढतो तेव्हा तो अभिनय करतोय असं वाटत नाही, हत्तीशी त्याचं नातं लहानपणापासूनचं होतं. पाच वर्षांनी तोच साबू ‘जंगल बुक’मध्ये मोगली झाला. ते रान कॅलिफोर्नियात उभारलेलं होतं, तरी त्याची चाल खरी होती. 2016 च्या ‘जंगल बुक’मध्ये मोगलीचं काम करणाऱ्या मुलाखेरीज जवळजवळ सारं संगणकावर घडवलं. त्या कामाला ऑस्कर मिळालं आणि ते योग्यच होतं. मला मात्र नागपूरच्या वर असलेल्या सिवनीच्या त्या गोष्टीतला जो मोगली आठवतो तो अजूनही साबूच.

आता आपल्या जवळ येऊ. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2018 च्या नोव्हेंबरात अवनी वाघीण मारली गेली. तिला मारण्यावरून झालेला वाद ताजा असताना अमित मसुरकर यांचा ‘शेरनी’ (2021) आला. चित्रीकरण मध्य प्रदेशातलं असलं तरी चंद्रपूरच्या माणसाला तो परका वाटू नये. वाघीण फार थोडा वेळ दिसते. दिसतात ते पाणवठे, पायाचे ठसे, गुरं चारायला जाणारी माणसं आणि बैठकांमधली भांडणं. वाघिणीला राष्ट्रीय उद्यानाकडे जायचं आहे आणि वाटेत तांब्याची खाण पसरलेली आहे. उघड्या कोळसा खाणी, कालवे, महामार्ग आणि वीज केंद्र यांच्यामधून वाट काढणारे वाघ ज्या जिल्ह्यात रोजच्या बातमीत असतात, तिथं या प्रसंगाला वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. विद्या बालनची वनाधिकारी धडपडते, आणि वाघीण वाचत नाही. हा चित्रपट टिकेल असं मला मनापासून वाटतं.

डॉ. प्रकाश आमट्यांवरचा 2014 चा चित्रपट साहसपट म्हणून आला नव्हता. समृद्धी पोरे यांनी तो चरित्रपट म्हणून केला, नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी त्यात होते. तरी 1973 च्या डिसेंबरात भामरागडच्या रानात हेमलकशाला जाऊन राहणं, जिथं नद्यांना पूर आला की जगाशी संबंध तुटायचा, यापेक्षा मोठं साहस कोणतं? नेहमीच्या साहसपटात नायक जातो, झुंजतो आणि परत येतो. इथं प्रकाश आणि मंदाकिनी आमटे गेले आणि राहिले. एकदा उडी मारणं पडद्यावर सोपं असतं. रोज सकाळी उठून माडिया रुग्णांची रांग तपासणं आणि वर्षानुवर्षं तेच करणं दाखवायला दिग्दर्शकाकडे फार धीर हवा. हा चित्रपट मधूनमधून समजावून सांगायला लागतो, तिथं तो सैल होतो. नाना पाटेकरांनी मात्र आवाज आणि हातवारे आवरून धरले आहेत, आणि त्या आवरण्यात हेमलकशाचा कस उतरला आहे.

मला बघायचा आहे तो चित्रपट मोहफुलांचा आहे. एप्रिलची पहाट, उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघालेल्या बाया. एकटीने जायचं नाही, मोठ्याने बोलत जायचं, वाकून वेचताना एकीने उभं राहून चौफेर नजर ठेवायची. वाकलेल्या माणसाला वाघ गुरासारखं सावज समजू शकतो, हे त्यांच्यातल्या प्रत्येकीला ठाऊक असतं. व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या गावचं प्राथमिक प्रतिसाद दल, वनरक्षक, झाडाखाली पाचोळा जाळून साफ केलेली जागा, आणि दिवस वर चढला की अंगणात वाळत घातलेली फुलं. एवढ्यावर दोन तासांची गोष्ट सहज उभी राहते. त्यात शिकारी नायक आणू नये, एवढीच विनंती. आणि चित्रीकरणाला या, पण मोह गळत असताना या.

पुढच्या आठवड्यात वडशाकडे वळू. झाडीपट्टीच्या नाटकाला थंडीत रात्रभर बसणाऱ्या प्रेक्षकाला गोष्टीतून काय हवं असतं, ते पाहू.